धर्म घरी, मराठी शाळेत



सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीपासून गीता आणि धर्मशिक्षण सुरू करावे, आणि या मागणीला आपल्या समाजाने जाहीर पाठिंबा द्यावा, अशी सूचना आपल्यातीलच काही जाणत्या मंडळींनी केली आहे. निवेदन तयार करावे, त्यावर सह्या घ्याव्यात आणि ते लोकप्रतिनिधींच्या हाती द्यावे, असा त्यांचा विचार आहे. सूचना करणारे आपलेच आहेत. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. नातवंडांना शुभंकरोती येत नाही, मोबाइल मात्र सुटत नाही, ही खंत घरोघरी आहे आणि ती खरी आहे.

तरीही आमचे मत आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. असा पाठिंबा आपण देऊ नये. धर्माचा आम्हाला कंटाळा आला म्हणून आम्ही हे म्हणत नाही. धर्म आम्हाला हवा आहे, आणि तो आपल्या घरात, आपल्या भाषेत, आपल्या रीतीने टिकायला हवा आहे. नेमके त्याचसाठी तो सरकारी शाळेच्या वेळापत्रकात जाऊ नये. आणि शाळेकडे काही मागायचेच असेल, तर जी गोष्ट फक्त शाळाच देऊ शकते, ती मागावी. ती गोष्ट म्हणजे मराठी.

ही मागणी आजची नाही

आपल्या मध्य प्रदेशात हा विषय गेली अनेक वर्षे पुन्हा पुन्हा वर येतो. २००७ साली शाळांतून सामुदायिक सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम ठरला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि कोणत्याही मुलावर सक्ती करता येणार नाही हे स्पष्ट झाले. २०११ साली शाळांत गीतासार शिकवण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध कॅथलिक बिशपांच्या संघटनेने याचिका केली. जानेवारी २०१२ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ती फेटाळली. २०१३ च्या ऑगस्टमध्ये गीतेतील पाठ मदरशांच्या पुस्तकांतही घालण्याची अधिसूचना निघाली, गदारोळ झाला आणि थोड्याच दिवसांत सरकारने ती मागे घेतली. २०२३ च्या जानेवारीत तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी रामायण, महाभारत, गीता हे ग्रंथ सरकारी शाळांत शिकवण्याची घोषणा केली.

इतर राज्यांतही हेच चालले आहे. गुजरातने २०२२ साली सहावी ते बारावीसाठी गीतेची घोषणा केली. महाराष्ट्रात २०२४ च्या मे महिन्यात शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, त्यात मनाचे श्लोक आणि गीतेच्या पाठांतराची सूचना होती. त्याच मसुद्यात मनुस्मृतीतील एक श्लोक घेतला गेला, त्यावरून वादळ उठले आणि मूळ विषय बाजूला राहिला.

या साऱ्या घटनांत एक गोष्ट सारखी आहे. घोषणा होते, कोणीतरी न्यायालयात जाते, वर्तमानपत्रे भरतात, दोन्ही बाजूंचे पुढारी आपापली भाषणे करतात आणि मुले होती तिथेच राहतात. घोषणेने मते मिळत असतील, पण संस्कार होत नाहीत.

गीता धर्मग्रंथ की तत्त्वज्ञान?

२०१२ च्या त्या निकालाचा आपल्यातील अनेकांना आनंद झाला होता. पण न्यायालयाने काय म्हटले, हे किती जणांनी नीट पाहिले? गीता हा मुख्यतः भारतीय तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे, धर्माचा नव्हे, म्हणून ती शिकवण्यास हरकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

आता आपणच विचार करा. आपल्या आजीने आयुष्यभर ज्या पोथीला हळदकुंकू वाहिले, जी तिच्या देव्हाऱ्यात कृष्णाच्या पायाशी होती, तिला शाळेत न्यायचे तर आधी सांगावे लागते की हा धर्मग्रंथ नव्हेच! गीता शाळेत जावी म्हणून आधी तिला देव्हाऱ्याबाहेर काढावी लागते. हा कसला विजय? ज्यांना गीता धर्म म्हणून हवी आहे, त्यांच्या हाती यातून काय पडले?

आणि ती तत्त्वज्ञान म्हणून शिकवायची म्हटले, तर दुसरा प्रश्न उभा राहतो. पहिली-दुसरीतल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला कर्मयोग, सांख्य आणि स्थितप्रज्ञ शिकवणार कसे? रणांगणावर समोर आप्त उभे असताना बाण सोडावा की नाही, या अर्जुनाच्या पेचातून गीता जन्मली. तो पेच कळायला वय लागते. न कळता घोकलेला श्लोक परीक्षेनंतर जातो, आणि जाताना त्या ग्रंथाबद्दलची गोडीही घेऊन जातो. पाढ्यांची भीती वाटते तशी गीतेची वाटू लागली, तर तो दोष कोणाच्या माथी मारायचा?

म्हणजे गीता धर्म असेल तर सरकारी शाळेत तिला घटनेची आडकाठी आहे, आणि तत्त्वज्ञान असेल तर प्राथमिक वर्ग ही तिची जागा नव्हे. निवेदनावर सही करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपल्या मंडळींनी द्यावे.

कोणाची गीता?

आपण मराठी माणसे आहोत. गीतेवर मराठीत जेवढे भांडण झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या भाषेत झाले असेल. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्यात त्यांनी गीतेचा अर्थ संन्यासपर लावणाऱ्या आचार्यांशी सरळ वाद घातला. विनोबांनी आईच्या इच्छेखातर १९३०-३१ साली गीताई रचली, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. गांधीजींनी गीतेत अहिंसा पाहिली. टिळकांनी कर्तव्याचा लढा पाहिला. डॉ. आंबेडकरांनी तिच्यावर कठोर टीका केली.

यांतली कोणती गीता तिसरीच्या वर्गात चाळीस मिनिटांच्या तासात शिकवली जाणार? उत्तर सोपे आहे. यांतली एकही नाही. भोपाळात एक समिती बसेल, ती हिंदीत चार पानांचे सार काढेल, त्याखाली पाच प्रश्न असतील आणि गाळलेल्या जागा असतील. त्या चार पानांत ज्ञानेश्वरी नसेल, गीताई नसेल. विनोबांच्या आईला संस्कृत कळत नव्हते म्हणून तिने मुलाकडे मराठी गीता मागितली. त्या माउलीचे मागणे आणि आपल्या मंडळींचे मागणे शेजारी ठेवून पाहा. तिला ग्रंथ आपल्या भाषेत, आपल्या स्वयंपाकघरात हवा होता. आपण तो परक्या वाक्यांत, सरकारी पुस्तकात मागत आहोत.

हिंदीशी आमचे वैर नाही. दोन शतकांहून अधिक काळ आपण या भूमीत राहतो, हिंदी आपल्या तोंडी दुधासाखरेसारखी आहे. पण ज्या घरातली मराठी आधीच जेवणाच्या ताटापुरती उरली आहे, त्या घरातला देवही हिंदीत गेला तर मागे काय राहील?

श्रावण कधी लागतो?

काही जण म्हणतील, धर्म तर एकच आहे ना? हिंदू म्हणून सर्वांना सारखेच शिकवले तर बिघडते कुठे?

बिघडते ते असे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. शेजारच्या घरी श्रावणी सोमवारचे उपास सुरू झालेले असतात, तेव्हा आपल्याकडे अजून आषाढच चालू असतो. जन्माष्टमी दोघांची एकाच दिवशी, पण आपल्या लेखी ती श्रावण वद्य अष्टमी आणि त्यांच्या लेखी भाद्रपद कृष्ण अष्टमी. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात. वटसावित्री त्यांची अमावास्येला, आपली ज्येष्ठ पौर्णिमेला. गौरी-महालक्ष्मी, चैत्रगौरीचे हळदीकुंकू, खंडोबाचे नवरात्र, बोडण, हे तर त्या पुस्तकात येणारच नाही.

आता परीक्षेत प्रश्न आला: जन्माष्टमी कोणत्या महिन्यात येते? आपल्या घरचे मूल आजीने सांगितल्याप्रमाणे श्रावण लिहील आणि त्याचा गुण कापला जाईल. घरी येऊन ते म्हणेल, आजी, तुझे चुकले, बाईंनी भाद्रपद सांगितले. त्या दिवशी धर्मशिक्षणाने त्या घरात काय शिकवले? आजीचा धर्म चुकीचा आणि पुस्तकातला बरोबर, एवढेच शिकवले.

शेजाऱ्यांची रीत खोटी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन्ही रीती शास्त्राला मान्य आहेत, दोन्ही शतकानुशतके चालत आल्या आहेत. घराघरांत दोन्ही सुखाने नांदतात. पण पाठ्यपुस्तकात एका प्रश्नाचे एकच उत्तर असते. जिथे एकच उत्तर चालते, तिथे संख्येने थोड्या असलेल्यांचे उत्तर पुसले जाते. आणि या शहरात आपण थोडे आहोत हे विसरून चालणार नाही. २०११ च्या जनगणनेत साऱ्या मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे बारा लाख, म्हणजे शंभरात दोनही नाहीत. त्यातही मोठा भाग बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, इंदूर या बाजूचा. बहुसंख्याकांच्या नावाने निघालेल्या प्रत्येक पालखीत आपल्याला जागा असतेच असे नाही. हे ओळखण्याइतके शहाणपण आपल्या पूर्वजांकडे होते, आपल्याकडेही असावे.

घटना काय सांगते

भारतीय घटनेचे अठ्ठाविसावे कलम अगदी स्पष्ट आहे. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जी शाळा सरकारमान्य आहे किंवा अनुदान घेते, तिथे धार्मिक शिक्षण असले तरी कोणालाही त्याची सक्ती नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते.

या कलमावर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली, तेव्हा उत्तर देणारे डॉ. आंबेडकर होते. १८९१ साली महू येथे, म्हणजे आजच्या आपल्याच राज्यात, एका मराठी लष्करी कुटुंबात जन्मलेले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. सगळ्यांच्या कराच्या पैशातून एकाचा धर्म शिकवणे न्याय्य नाही. एकाच शाळेत अनेक धर्मांची मुले असताना प्रत्येकाच्या धर्माची सोय करणे सरकारला जमणार नाही. आणि प्रत्येक धर्म आपलेच सत्य खरे म्हणत असल्यामुळे शाळेत शांतीऐवजी कलह येईल.

हे म्हणणे ग्वाल्हेरला लावून पाहा. आपल्या किल्ल्यावर सासबहूचे मंदिर आहे, डोंगराच्या कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, गुरू हरगोविंदांच्या स्मृतीचा गुरुद्वारा आहे. खाली हजिऱ्याला महंमद गौस यांची कबर आणि तिच्याजवळच तानसेनाची समाधी आहे. लष्करातल्या कोणत्याही सरकारी शाळेच्या एका वर्गात या सगळ्यांची मुले बसतात. १९५६ नंतर बौद्ध झालेली मराठी कुटुंबेही आपल्याच समाजाचा भाग आहेत, आणि या निवेदनावर सही मागायला त्यांच्या दारी आपण कोणत्या तोंडाने जाणार?

नेहमीचा आक्षेप येथे येईल. मिशनरी शाळा बायबल शिकवतात, मदरशांत कुराण शिकवतात, मग बंदी फक्त आपल्यालाच का? हा आक्षेप ऐकायला जोरदार आहे, पण तपासला तर टिकत नाही. बंदी हिंदूंना नाही, सरकारी शाळेला आहे. हिंदू न्यासाने स्वतःच्या पैशातून शाळा काढावी आणि पालकांच्या संमतीने गीता शिकवावी, त्याला घटना आडवी येत नाही. अशा शाळा देशभर आहेत आणि आपल्यातील कित्येकांची मुले त्यांत शिकली आहेत. उलट बाजूही पाहा. आसाम सरकारने २०२० साली कायदा करून सरकारी खर्चाने चालणारे मदरसे साध्या शाळांत बदलले. प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय उचलून धरला, आणि आधार घेतला तो याच अठ्ठाविसाव्या कलमाचा. सरकारी पैशाने कुराण नको, असे म्हणताना ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांनी सरकारी पैशाने गीता हवी म्हणताना तेच कलम गुंडाळून ठेवायचे? न्यायाचा काटा दोन दुकानांत दोन वजनांचा ठेवता येत नाही.

आणि मिशनरी शाळेचे म्हणाल, तर तिथे आपल्या मुलाला बायबलच्या तासाला बसवण्याची सक्ती झाली, तर आपण कोणत्या कलमाचा आधार घेणार? याच. म्हणून हे कलम आज आपण कमकुवत केले, तर उद्या आपलेच छत्र गेले असे समजा.

संत पुस्तकातून काढायचे नाहीत

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. शाळेत तुकाराम नको, कबीर नको, बुद्ध-महावीरांची नावेही घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने एक फरक दाखवून दिला होता. एका धर्माची दीक्षा देणारे शिक्षण वेगळे, आणि सर्व धर्मांची ओळख करून देणारे शिक्षण वेगळे. पहिले सरकारी शाळेचे काम नव्हे, दुसरे असू शकते. १९९९ साली आपल्या नांदेडच्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने मूल्यशिक्षणाचा अहवाल दिला, त्यातही सर्व धर्मांच्या ओळखीवर भर होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणा रॉय यांच्या याचिकेवर निकाल देताना धर्मांची माहिती देणे घटनाबाह्य नाही असेच म्हटले.

तेव्हा भाषेच्या पुस्तकात संतांचा अभंग असावा, इतिहासात वारी असावी, गोष्टींच्या पुस्तकात ध्रुव-प्रल्हाद असावेत आणि त्यांच्या शेजारी इतरांच्याही गोष्टी असाव्यात. मुलाला ते वाचून आनंद व्हावा. त्यावर श्रद्धा ठेवायची की नाही, याची परीक्षा शाळेने घेऊ नये.

मनाला शिस्त हवी असेल, तर त्यासाठीही पंथ लागत नाही. आपल्या किल्ल्यावरची शिंदे शाळा १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी सुरू झाली. तिथे सूर्यास्ताच्या वेळी मुलांनी शांत बसण्याची प्रथा आहे, तिला अस्ताचल म्हणतात. ज्याने त्याने मनात आपला देव आठवावा किंवा नुसते आकाश पाहावे. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगानेही शिक्षणसंस्थांतील दिवसाची सुरुवात काही क्षणांच्या मौनाने करावी असे सुचवले होते. कोणाच्या श्रद्धेला धक्का नाही आणि कोणावर सक्ती नाही.

ग्वाल्हेरची रीत

आपल्या पूर्वजांनी या शहरात धर्म कसा सांभाळला, तेही आठवावे. महादजी शिंद्यांनी बीडच्या मन्सूरशाह या सूफी संताला गुरुस्थानी मानले. गोरखीच्या देवघरात त्यांचे स्थान आजही आहे आणि उरुसही होतो. तानसेन समारोहाची सुरुवात कशी होते, हे आपण सारेच जाणतो. आधी ढोलीबुवांची हरिकथा होते, मग मिलाद होतो आणि त्यानंतर गाणे. हद्दू-हस्सू खाँसाहेबांकडून मराठी ब्राह्मणांनी ख्याल घेतला आणि त्याच परंपरेतून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तो महाराष्ट्रात नेला.

यांपैकी कोणालाही हे वागणे शाळेच्या पुस्तकाने शिकवले नव्हते. मठाने शिकवले, घराने शिकवले, गुरूच्या पायाशी बसून ते आले. आपला धर्म घट्ट धरूनही दुसऱ्याच्या दारी आदराने उभे राहता येते, हा धडा ज्या शहराने दोनशे वर्षे गिरवला, त्या शहराने आता चार पानांच्या सारासाठी सह्या गोळा कराव्यात?

मग मागायचे काय?

आता मुख्य मुद्द्यावर येतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम घटनेत आले. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते सांगते. त्याही आधी, ऑगस्ट १९४९ मध्ये, प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक सूत्र ठरले होते. एका वर्गात दहा किंवा साऱ्या शाळेत चाळीस मुले एखाद्या मातृभाषेची असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा शिक्षक द्यावा. २००९ चा शिक्षणहक्क कायदा शक्य तेथवर मातृभाषेत शिकवा म्हणतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देते.

म्हणजे जे घटना देऊ शकत नाही, त्यासाठी आपण सह्या करायला निघालो आहोत, आणि जे घटना आपणहून देऊ करते, त्यासाठी आपल्यापैकी किती जणांनी अर्ज केला?

आम्ही व्यवहार सोडून बोलत नाही. आज ग्वाल्हेरात सगळे विषय मराठीतून शिकवा, असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मुलांना हिंदी-इंग्रजीतच पुढे जायचे आहे. पण आठवड्यातून काही तास मराठी वाचन-लेखनाचे, आणि पुढच्या वर्गांत तिसऱ्या भाषेसाठी मराठीचा पर्याय, एवढे मागणे वाजवी आहे. दहा मुलांची गोष्ट आहे. जिवाजीगंज, दौलतगंज, शिंद्यांची छावणी, कंपू या भागांतून एका शाळेत एका इयत्तेची दहा मुले जमवणे आपल्याला अशक्य आहे काय?

शाळेची आजची अवस्थाही डोळ्यांआड करू नये. २०२२ च्या असर पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला नव्हता. जो गुरुजी निवडणुकीची याद्या करतो, मध्यान्ह भोजनाचा हिशेब लिहितो आणि दोन इयत्ता एका खोलीत सांभाळतो, त्याच्या अंगावर आता धर्मोपदेशकाचा झगाही घालायचा? आधी मुलांना वाचता येऊ द्या. वाचता आले तर ती गीता स्वतः वाचतील. मराठी वाचता आली तर ज्ञानेश्वरी वाचतील.

आणि हीच आमच्या म्हणण्याची किल्ली आहे. मराठी अक्षर ज्याला येते, त्याच्यासाठी हरिपाठ, गाथा, दासबोध, गीताई ही सारी दारे उघडी आहेत. ते अक्षर ज्याला येत नाही, त्याला शाळेने गीतेचे शंभर प्रश्न पाठ करून घेतले, तरी आजीची पोथी त्याच्या लेखी मुकीच राहणार. अक्षरे नागरीच आहेत, शिकायला फार वेळही लागत नाही. लागतो तो शब्दांचा सराव, आणि तो लहानपणीच होतो.

धर्माचे काम कोणाचे?

ते घराचे आणि समाजाचे. सरकारकडे सोपवून ते सुटणार नाही. पैसे न लागणाऱ्या तीन गोष्टी आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, संध्याकाळची पंधरा मिनिटे. दिवा लागल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांना जवळ घेऊन एक श्लोक, एक गोष्ट मराठीत सांगावी. अर्थ सांगावा आणि प्रश्न विचारू द्यावा. देव दिसत का नाही, असे मुलाने विचारले तर रागावू नये. त्या प्रश्नाला घरात जागा आहे, वर्गात नाही.

दुसरी गोष्ट, रविवारचा तासभराचा वर्ग. आपल्या समाजाच्या सभागृहात किंवा एखाद्या देवळाच्या ओसरीवर. अर्धा तास मराठी वाचन, अर्धा तास पाठांतर व गोष्टी. निवृत्त शिक्षक-शिक्षिका आपल्यात पुष्कळ आहेत. ज्याला यायचे त्याने यावे, ज्याला नको त्याच्यावर रुसवा नको.

तिसरी गोष्ट, गणेशोत्सवातील स्पर्धा. नाचगाण्याच्या जोडीला मुलांनी एखादा अभंग म्हणावा आणि त्याचा अर्थ आपल्या शब्दांत चार वाक्यांत सांगावा, अशी स्पर्धा ठेवावी. बक्षीस अर्थाला द्यावे.

एक शब्द राजकारणाविषयी. आपल्या समाजात दोन्ही मोठ्या पक्षांची माणसे आहेत, आणि ती तशीच राहावीत. हा लेख कोणत्याही पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात नाही. पण निवडणुका जवळ आल्या की धर्माच्या नावाने पाठिंबा मागायला सगळेच येतात, आणि मराठीच्या तासाचे नाव काढले की सगळेच घड्याळ पाहतात, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. यापुढे जो उमेदवार दारी येईल, त्याला एकच प्रश्न विचारावा: आमच्या वस्तीतल्या कोणत्या शाळेत, कोणत्या वर्षापासून मराठीचा तास सुरू होईल? उत्तर लेखी मागावे.

धर्मशिक्षणाच्या निवेदनाऐवजी आपल्या समाजाने पुढील ठराव करावा, अशी आमची विनंती आहे. सरकारी शाळांत कोणत्याही एका धर्माचे शिक्षण असू नये. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या सूत्राप्रमाणे ग्वाल्हेरच्या किमान एका सरकारी प्राथमिक शाळेत मराठीचा शिक्षक नेमावा. आणि नवे सत्र सुरू होण्यापूर्वी मराठी मुलांची आगाऊ नोंदणी करण्याची व्यवस्था जिल्हा शिक्षण कार्यालयाने करावी.

ज्या घरात पाच ते दहा वर्षांचे मूल आहे, त्या घराने मुलाचे नाव, इयत्ता आणि शाळा एका कागदावर लिहून समाजाच्या कार्यालयात आणून द्यावी. दहा कागद जमले की अर्ज होतो. अर्ज झाला की उत्तर देणे सरकारला भाग पडते.

गीता आपल्या घरात सातशे वर्षांहून अधिक काळ मराठीत आहे. तिला सरकारच्या शिफारसपत्राची गरज नाही. गरज आहे ती वाचणाऱ्याची.